सत्तेचाळीस मिनिटं

कागदाला काजळी धरायची तर हात हलका लागतो. रॉकेलची वात जरा मोठी करायची, पितळी ढोलावर गुंडाळलेला कागद त्या धुरावर सावकाश फिरवायचा आणि मधे कुठेही थांबायचं नाही. थांबलं की कागद करपतो, घाई केली की मधे राखाडी पट्टे राहतात. सगळा कागद मखमलीसारखा काळा झाला की तो ढोल यंत्राला लावायचा. यंत्राची सुई मग दिवसभर त्या काळ्यावर केसाइतकी बारीक पांढरी रेघ ओढत राहते. जमीन हलली की रेघ हलते. घड्याळ दर मिनिटाला त्या रेघेवर एक बारीकशी खूण करतं.

मास्तरीण हे काम दोन वर्षं रोज सकाळी सातला करत होती. सरकारी दप्तरात मात्र ते तिचा नवरा करत होता.

त्याला वस्तीत काजळीमास्तर म्हणत. पंचवीस वर्षं त्याने हे यंत्र सांभाळलं. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात कापायला लागला, आधी चहाच्या कपाशी, मग पेनाशी, आणि शेवटी सुईशी. कापऱ्या हाताने सुई कागदावर टेकवली की कागद फाटायचा. चार कागद फाटले तेव्हा मास्तरिणीने त्याच्या हातातून ढोल काढून घेतला.

"सांगा, कुठे धरू?"

"खाली. आणि श्वास दुसरीकडे सोड," तो म्हणाला. त्या दिवसापासून तो दारातल्या खुर्चीवर बसून सांगायचा आणि ती करायची. सहा महिन्यांनी सांगण्यासारखं काही उरलं नाही. तरी तो खुर्चीवर बसायचाच.

यंत्राची खोली घरामागे, अर्धी जमिनीत. तिच्या मधोमध खालच्या खडकातून वर आणलेला एक खांब, त्यावर यंत्र. खोली इतकी नाजूक, की अंगणात कोणी मुसळ घातलं तरी सुई ते लिहून ठेवी. म्हणून या घरात कांडण नव्हतं, पळापळ नव्हती, गाय लांब कुंपणाशी बांधलेली. शेजारी राहणारी जाऊ म्हणायची, "या घरात भांडायचं तरी बसून भांडावं लागतं. पाय आपटायचीसुद्धा सोय नाही."

वस्ती डोंगराच्या उतारावर होती, चाळीसेक घरांची. वर दगडाची खाण. खाण पूर्वीपासून होती, पण खालच्या तोंडाला, लांब. तिथले सुरुंग फुटले तर सुईला जेमतेम गुदगुल्या व्हायच्या. यंदाच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामासाठी दगडाची मोठी मागणी आली आणि खाणवाल्यांनी वरचं तोंड उघडलं, वस्तीच्या थेट डोक्यावर. अकरा दिवसांत सात मोठे सुरुंग उडाले. त्याच अकरा दिवसांत भिंती उलल्या. जावेच्या घराच्या मागच्या भिंतीत तर चार बोटं जातील अशी चीर पडली. पलीकडच्या उजेडाची एक पट्टी दुपारी तिच्या चुलीवर येऊन पडायची.

लोक मिळून अर्ज घेऊन गेले. खाणीचा मॅनेजर म्हणाला, सुरुंगांनी नाही, हे भूकंप. डोंगरच हलतोय. चौकशी लागली. अधिकारी येणार होता पुढच्या सोमवारी. भूकंप ठरले तर उतार धोक्याचा म्हणून जाहीर होणार, चाळीस घरं खाली करून लोकांना बारा कोसांवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेणार. उतार मग खाणीलाच मिळणार, हे कोणी बोललं नाही, पण कळत सगळ्यांना होतं.

सुरुंग ठरले तर वरचं तोंड बंद.

आणि हे ठरवणारी गोष्ट वस्तीत एकच होती. काजळीचे अकरा कागद.

*

मंगळवारी मॅनेजर स्वतः आला. बरोबर त्याचा कारकून, बगलेत खाणीचं रजिस्टर. चौकशीच्या साहेबाची चिठ्ठी होती, की कागद दोन्ही बाजूंना पाहू द्यावेत. मास्तरिणीने कागद टेबलावर पसरले. काजळी पक्की व्हावी म्हणून ते लाखेच्या पाण्यातून काढून वाळवलेले, त्यामुळे ते पापडासारखे कडकडत होते.

मॅनेजरने भिंग घेतलं. सुई जिथे जिथे उसळली होती, तिथली वेळ कारकून लिहून घेऊ लागला. सात उसळ्या निघाल्या. मग मॅनेजरने रजिस्टर उघडलं, एक बोट इकडे, एक बोट तिकडे ठेवलं आणि हळूहळू त्याच्या मिशा हसायला लागल्या.

"मास्तर, पहिला सुरुंग आम्ही उडवला दीड वाजता. तुमच्या कागदावर दीड वाजता काय आहे? सरळ रेघ. आणि धक्का कधीचा? बारा त्रेचाळीस. बारा त्रेचाळीसला आमची माणसं डबे उघडून बसलेली असतात."

मास्तर खुर्चीवर ताठ झाला. "बघू."

"बघा ना. दुसरा दोन पाचला. तुमच्याकडे धक्का एक अठराला. तिसराही तसाच. सातांपैकी एक जुळत नाही. आमच्या सुरुंगांची तुमच्या सुईला खबरसुद्धा नाही, इतके ते हलके. धक्के आहेत, पण ते धरणीमातेचे." त्याने भिंग पुसून खिशात ठेवलं. "आणि घड्याळ चुकलं म्हणाल, तर तुमच्याच वहीत लिहिलंय. वेळ कशावरून लावली? रेडिओवरून. आता रेडिओपेक्षा मोठं कोण?"

जाताना तो मास्तरिणीकडे वळला. "बाई, चहा छान होता. तुमच्या सुईनेच आम्हाला सोडवलं."

ती टेबलावरचे कप उचलत होती. एक कप बशीत दोनदा वाजला. मास्तरने तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत त्या घरात कप वाजवण्याचा मान त्याच्या एकट्याचा होता.

"काय आहे?" तो म्हणाला.

"काही नाही."

"मी हाताने गेलोय, डोळ्यांनी नाही. काय आहे?"

तिने कप खाली ठेवले आणि पदराला हात पुसले. नखांतली काजळी पुसली जात नसे, तरी पुसले.

"ते रेडिओवरून लावलं नव्हतं."

*

झालं होतं असं. त्या अकरा दिवसांच्या आधी मास्तरला दोन दिवस ताप होता. औषध, पाणी, घडी घालून कपाळावर ओलं फडकं, या गडबडीत यंत्राच्या घड्याळाला चावी द्यायची राहिली आणि घड्याळ बंद पडलं. रोज वेळ लावायची ती रेडिओवर तासाला वाजणाऱ्या ठोक्यांवर, पाच आखूड आणि सहावा लांब. तिने रेडिओ उघडला तर आतल्या सेलना पाणी सुटलेलं. मास्तरचं मनगटी घड्याळ कधीचं फक्त मनगटापुरतं उरलेलं. दीर खाणीवर, त्याच्या हातातलं घड्याळ त्याच्याबरोबर.

मग तिने वस्तीतली प्रत्येक बाई करते तेच केलं. दहाची गाडी वळणावर हॉर्न देते, त्यावर वस्ती दूध उतरवते, मुलांना शाळेत हाकलते, चुलीवर आधण ठेवते. गाडीचा ड्रायव्हर वेळेचा इतका पक्का, की लोक सूर्यावर शंका घेतील. हॉर्न वाजला तसा तिने काटा दहावर आणला आणि लंबक सोडला.

वहीत रकाना होता, वेळ कशावरून लावली. गाडीच्या हॉर्नवरून असं सरकारी वहीत कसं लिहायचं? तिने लिहिलं, रेडिओ. खाली रोजच्यासारखी नवऱ्याची सही केली.

त्या दिवशी गाडीचं चाक पंक्चर झालं होतं.

हे तिला अकरा दिवसांनी कळलं. मधल्या काळात कांद्याची काढणी चालली होती, ती सकाळी कागद बदलून शेतात जायची ती दिवस कलल्यावर यायची. सकाळी सातला खोलीच्या पायरीवर ऊन जरा जास्त वर आलेलं दिसायचं. उन्हाळा, दुसरं काय, असं म्हणून ती आत जायची. मग बाजारातून नवे सेल आले, रेडिओवर ठोके वाजले, आणि खोलीतलं घड्याळ सत्तेचाळीस मिनिटं मागे निघालं. तिने काटे सारखे केले. वहीत काही लिहिलं नाही.

मास्तरने सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला, जणू तो हात दुसरंच कुणी तरी इथे विसरून गेलंय.

"पंचवीस वर्षांत मी त्या वहीत एक आकडा खोटा लिहिला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"सही माझी आहे."

"तेही माहीत आहे. बोला काय बोलायचं ते."

"बोलून काय? आता तू म्हणशील घड्याळ सत्तेचाळीस मिनिटं मागे होतं, तर तो म्हणेल, पुरावा काय? तुमच्याच घराला चीर आहे, तुम्ही वाटेल ते म्हणाल. वही रेडिओ म्हणतेय." तो थांबला. "आणि वही खोटी असं तूच सांगितलंस, तर ती कुणी लिहिली तेही सांगावं लागेल. ही खुर्ची गेली मग."

ती जमिनीवर बसली आणि अकरा कागद पहिल्यापासून बघायला लागली, एकेक, भिंगाशिवाय, नुसत्या बोटाच्या अंतराने. दुपार सरली. जाऊ दोनदा डोकावून गेली. सहाव्या कागदावर मास्तरिणीचं बोट थांबलं. इथे उसळी नव्हती. इथे रेघा हळूहळू फुगत गेल्या होत्या, तळ्यात कुणी लांब काठाशी पाय बुडवावा आणि लाट इकडच्या काठाला यावी तशा. तासभर त्या डुलत होत्या, मग निवल्या.

"हे काय हो?"

त्याने कागद उजेडाकडे धरायला लावला. "लांबचा भूकंप. फार लांबचा. समुद्रापलीकडे कुठे तरी. इथल्या माणसांना काही कळलं नसेल."

"हा मोठ्या वेधशाळेतही आला असेल?"

"सगळ्या जगात आला असेल. जिथे सुई असेल तिथे..." आणि मास्तरचं बोलणं मधेच अडलं. तो तिच्याकडे बघत राहिला. ती आधीच उभी राहून कागदाचं नळकांडं शोधत होती.

*

दीर संध्याकाळी आला. खाणीवरून आला की त्याच्या भुवयांवर दगडाची पूड असायची, तो चाळिशीतच म्हातारा दिसायचा. सुरुंगाला वात तोच लावायचा. आधी भोंगा द्यायचा, मग वात.

"वहिनी, उद्या शहरात निघालात म्हणे."

"हो."

"कागद घेऊन."

"कागद घेऊनच. फिरायला जायला मी काय नवी नवरी आहे?"

तो हसला नाही. पायरीवर उकिडवा बसला. "सुरुंग ठरले तर वरचं तोंड बंद होईल. निम्मी माणसं घरी बसतील. त्यात मी पहिला, कारण मी तुमचा दीर."

"आणि भूकंप ठरले तर?"

"तर माझं घर जाईल."

"मग?"

"मग काय! दोन्हीकडून मीच." त्याने हाताने भुवया झाडल्या. "निदान घर गेलं तर शेड मिळते. काम गेलं तर काय मिळतं? तुम्ही गप्प राहिलात तर कुणी तुम्हाला विचारणार नाही. वहीत रेडिओ लिहिलंय ना? राहू द्या रेडिओ."

हे ऐकून दारातली जाऊ भडकली. "अहो, रोज माझ्या चुलीवर ऊन पडतंय भिंतीतून! परवा तिथे खारीने तोंड घातलं! आणि म्हणे गप्प राहा!"

"तू गप्प राहा."

"मी आहेच गप्प. भिंत बोलतेय."

मास्तरीण नळकांड्याला सुतळी बांधत होती. गाठ मारून झाल्यावर तिने मान वर केली.

"भाऊजी, तुमचं काम जाईल याचं मला वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. पण मी खोटं लिहिलं म्हणून चाळीस घरं उठणार असतील तर ते मी कशी बघत बसू? दुसऱ्या कुणाच्या चुकीने उठली असती तर कदाचित बसलेही असते."

दीर उठून गेला. जाताना तो या घरच्या अंगणात पाय आपटत गेला. सुईने ते लिहून घेतलं असणार.

*

मोठ्या वेधशाळेच्या दारावरच्या शिपायाने आधी तिची नखं पाहिली. "कोळशाची डिलिव्हरी मागच्या दाराने."

"मी कागद घेऊन आलेय. उतारावरच्या ठाण्याचे."

"ते तर मास्तर पाठवतात. तुम्ही कोण?"

"पाठवतात त्यांची बायको. आत सांगा, की अकरा दिवसांची वेळ चुकलीय आणि ती आजच दुरुस्त करायचीय."

तासभर ती बाकावर बसली. भिंतीमागे कुठे तरी ढोल फिरत होते, त्यांचा आवाज तिला ओळखीचा होता, आपल्या गाईचा आवाज परक्या गोठ्यात ऐकू यावा तसा. शेवटी तिला आत बोलावलं. टेबलामागे वेधशाळेच्या मुख्य बाई होत्या, पांढरे केस कानामागे खोचलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी पहिला कागद उलगडला आणि आधी वेळ पाहिलीच नाही. बोट कागदावरून फिरवलं.

"काजळी कुणी धरली?"

"मी."

"कधीपासून?"

मास्तरिणीने आधी पदर सारखा केला. मग म्हणाली, "दोन वर्षं."

"अस्सं." बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "दोन वर्षांपूर्वी तुमच्या ठाण्याचे कागद एकाएकी सुधारले. आम्हाला वाटलं मास्तरांनी चष्मा केला."

मास्तरिणीने सगळं सांगितलं. चावी, सेल, गाडी, हॉर्न, रेडिओ हा शब्द, नंतरची चुप्पी. बाईंनी मधे एकदाही मान हलवली नाही. सांगून झाल्यावर ती सहावा कागद पुढे करून म्हणाली, "ही लांबची लाट तुमच्याकडेही आली असेल. तुमचं घड्याळ चुकत नाही."

बाई उठल्या. स्वतः कपाटापाशी गेल्या आणि त्या तारखेचा आपला कागद घेऊन आल्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोन्हीकडे तेच फुगणं, तोच डौल, मोठ्यापाठी धाकटी लाट त्याच क्रमाने. एकाच बाईने दोन घरी घातलेली रांगोळी असावी तसं. लाटेची सुरुवात जिथे होती तिथे बाईंनी दोन्ही कागदांवर टाचणी टेकवली.

"आमच्याकडे चार वाजून बारा मिनिटं, वीस सेकंद. वाचा तुमची."

मास्तरिणीने मिनिटांच्या खुणा मोजल्या. पुन्हा मोजल्या. "तीन वाजून पंचवीस मिनिटं, सतरा सेकंद."

"वजा करा."

"सत्तेचाळीस मिनिटं, तीन सेकंद."

"तुमचं ठाणं आमच्यापासून जेवढं लांब आहे, तेवढं अंतर जायला या लाटेला फार तर दहा-बारा सेकंद लागतात. तेवढं सोडून द्या. सत्तेचाळीस मिनिटं पक्की." बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "हे मी लिहून सही-शिक्क्याने देऊ शकते. पण लिहिताना वेळेचा रकाना खोटा भरला होता हे लिहावं लागेल. आणि कुणी भरला तेही. मास्तरांची नोकरी राहणार नाही. मी वाचवू म्हटलं तरी."

खिडकीबाहेर कुणी तरी गादी झोडपत होतं. इथे चालत असेल, मास्तरिणीच्या मनात आलं, खांब खोल असेल.

"लिहा," ती म्हणाली.

*

सोमवारी चौकशी शाळेच्या वर्गात भरली. साहेब शाळेच्या गुरुजींच्या खुर्चीवर, बाकी सगळे मुलांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून. मॅनेजरला बाक लहान पडत होता म्हणून तो उभाच राहिला आणि त्यामुळे तो बोलत नसतानाही बोलतोय असं वाटत होतं. उरलेली वस्ती खिडक्यांत. दीर मागच्या बाकावर, खाणीच्या माणसांत.

मॅनेजरने सातही वेळा वाचल्या. रजिस्टरवर तपासनिसाचा शिक्का होता, तो त्याने साहेबांना दोनदा दाखवला. "दारू किती, भोक किती, वेळ काय, सगळं जागच्या जागी लिहिलेलं. एका मिनिटाची चूक काढून दाखवावी."

साहेबांनी मान हलवली. "मास्तर, हे कागद तुमचे ना?"

मास्तरीण उठायला गेली. त्याआधी मास्तरच उठला. उभं राहताना त्याने बाकाची कड धरली, आणि बाक त्याच्या हाताबरोबर कुरकुरू लागला, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा. त्याने हात काढून घेतला नाही.

"नाही साहेब. या हाताने मला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. दोन वर्षं हे काम ही करते. मी खुर्चीवर बसून पगार घेतला. पुढचं ती सांगेल."

खिडक्यांत कुजबुज झाली. मास्तरीण उभी राहिली. तिने सांगितलं. हॉर्नपाशी खिडकीत कुणी तरी फिसकन हसलं, आणि कुणी तरी त्याला चापट मारलेली ऐकू आली.

तिचं बोलणं संपायच्या आतच मॅनेजर पुढे सरकला. "म्हणजे खोटं लिहिलं हे बाई स्वतःच कबूल करतायत! साहेब, ज्यांनी तेव्हा खोटं लिहिलं, त्यांचं आजचं खरं कशावरून मानायचं?"

साहेबही तिच्याकडेच पाहत होते. "प्रश्न रास्त आहे, बाई."

"रास्तच आहे," ती म्हणाली. "माझं खरं मानू नका. कागदाचं माना."

तिने सहावा कागद आणि वेधशाळेचा कागद टेबलावर शेजारी ठेवले, वर बाईंचं सही-शिक्क्याचं पत्र ठेवलं. लांबचा भूकंप म्हणजे काय ते तिने चार वाक्यांत सांगितलं. तो जवळपास एकाच वेळी इकडच्या सगळ्या सुयांना भेटून जातो, तो कुणाचा दीर नाही, कुणाचा मॅनेजर नाही. साहेबांनी पत्र वाचलं. मग दोन्ही कागदांवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"सत्तेचाळीस," ते वर बघून म्हणाले. "आता काय करायचं?"

"मी काहीच करणार नाही साहेब. तुम्हीच बेरीज करा. माझ्या प्रत्येक धक्क्यात सत्तेचाळीस मिळवा आणि यांनी आपलं रजिस्टर वाचावं."

साहेबांनी पेन उघडलं. "बारा त्रेचाळीस. अधिक सत्तेचाळीस. दीड."

मॅनेजरने रजिस्टरचं पान उलटलं.

"वाचा."

"दीड," मॅनेजर म्हणाला.

"एक अठरा. म्हणजे दोन पाच."

"दोन पाच."

"तीन त्रेपन्न. चार चाळीस."

"हो."

"हो काय? आकडा वाचा."

"चार चाळीस." मॅनेजरचा आवाज आता बाकांवरून पलीकडे जात नव्हता. चौथा जुळला. पाचवा जुळला. सहावा एका मिनिटाने हुकला तेव्हा तो घाईने म्हणाला, "बघा, हा नाही जुळत! आणि आमच्या रजिस्टरात वेळा अंदाजाने असतात, साहेब. कारकून आपलं गोल करून लिहितो."

"मघाशी एका मिनिटाची चूक काढा म्हणालात."

"तसं नव्हे. सुरुंगाची वेळ म्हणजे..."

"वात कोण लावतं?" साहेबांनी विचारलं.

वर्गातली सगळी डोकी मागे वळली. दीर उभा राहिला. बाक इतका लहान, की त्याला आधी एक पाय बाहेर काढावा लागला, मग दुसरा. तेवढ्या वेळात मॅनेजरने त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

"मी लावतो."

"वेळा अंदाजाने लिहिता?"

दिराने भुवयांवरून हात फिरवला, तिथे आज पूड नव्हती तरी. मास्तरिणीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"नाही," तो म्हणाला. "खाणीचं घड्याळ माझ्या हातात असतं. भोंगा दिला की मी वेळ ओरडून सांगतो, कारकून लिहितो, मगच वात. माणसांचे जीव असतात साहेब, अंदाजाने कसं चालेल? वात जळायला मिनिटभर लागतं कधी कधी. एक मिनिट हुकलं ते तेच असेल."

तो खाली बसला. साहेबांनी सातवा आकडा लिहिला, बेरीज केली आणि कागद मॅनेजरपुढे उलटा करून सरकवला. मॅनेजरने तो वाचला, रजिस्टर मिटलं आणि कारकुनाच्या बगलेत दिलं.

"या अकरा दिवसांत सातांखेरीज इथल्या जमिनीचा एखादा धक्का?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही," मास्तरीण म्हणाली. "तो लांबचा पाहुणा सोडून."

*

पंधरा दिवसांनी हुकूम आला. वरचं तोंड कायमचं बंद, उतारावरची घरं जागच्या जागी. त्याच आठवड्यात वेधशाळेचं पत्र आलं. मास्तरला कामावरून कमी केलं होतं. नवा माणूस येईपर्यंत ठाणं चालू राहावं म्हणून सध्या काम करणाऱ्या व्यक्तीने ते करावं, असं खाली बाईंच्या अक्षरात होतं, आणि आणखी खाली, त्या व्यक्तीने जागेसाठी अर्ज करायला हरकत नाही, मंजूर होईलच असं नाही. मास्तरिणीने त्याच दुपारी अर्ज लिहिला. शिक्षण या रकान्यात तिने चौथी लिहिलं, अनुभव या रकान्यात दोन वर्षं लिहिलं. मास्तरने वाचून पाहिला आणि म्हणाला, "चौथीच्या पुढे पास लिही. पास झालीस ना?"

खाणीवरून चौदा माणसं घरी बसली. दीर पहिला होता.

तीन दिवस तो या घरच्या बाजूला फिरकला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मास्तरीण खोलीतून बाहेर आली तर तो आपल्या मागच्या भिंतीशी मातीचा गारा कालवत होता. उघड्या पायांनी, पिंढरीपर्यंत. जाऊ शिडी धरून उभी. चिरेत तो आधी दगडाच्या कपच्या बसवत होता, मग वर गारा. कपच्या तो एका ठोक्यात फोडायचा, हव्या त्या मापाच्या. इतकी वर्षं डोंगर फोडलेला हात. हातोडी तो अशी अलगद मारत होता की आवाज जेमतेम यावा.

मास्तरीण कुंपणापाशी थांबली. तो वळला नाही. एक कपची बसवून झाली, दुसरी झाली.

"वहिनी," मग तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "एवढी भरतोय, राहील ना?"

"जमिनीचं मी सांगू शकत नाही, भाऊजी. ते कुणालाच सांगता येत नाही. माणसांनी हलवणं थांबलंय, तेवढं सांगते."

त्याने थोडा विचार केला.

"मग जाड भरतो," तो म्हणाला, आणि गाऱ्यासाठी खाली हात केला.